शिदोरी आणि सदरा : लांबच्या सायकलप्रवासाचे विज्ञान

जून २०१५ मध्ये नाशिकचे दोन डॉक्टर बंधू, हितेंद्र महाजन आणि महेंद्र महाजन, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइड या गावाहून सायकलवर निघाले आणि तो सबंध देश ओलांडून पूर्व किनाऱ्यावरील अनापोलिसला पोचले. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या नावाची ही शर्यत. अंतर सुमारे ४८०० किलोमीटर. संघांना नऊ दिवसांची मुदत असते. या दोघांनी आळीपाळीने, रात्रंदिवस सायकल हाकून ती ८ दिवस आणि सुमारे १५ तासांत पुरी केली. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. पुढे २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ, जे तेव्हा नाशिकलाच होते, आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ या दोघांनी हीच शर्यत एकेकट्याने, म्हणजे जोडीदाराशिवाय, पूर्ण केली.

गणिताची आवड असणाऱ्यांनी ४८०० ला २०७ तासांनी भागून पाहावे. वेग येतो ताशी सुमारे २३ किलोमीटर. म्हणजे गावातला एखादा दणकट पोरगा सायकल शर्यतीत जेवढ्या वेगाने जातो त्याहून कमीच! मग अवघड ते काय? अवघड हे, की हा वेग नऊ दिवस टिकवायचा असतो. सुरुवातीलाच वाळवंट लागते, तेथे पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. तीन-चार दिवसांत रॉकी पर्वतातील ३३०० मीटर उंचीची खिंड येते आणि तेथे जूनमध्येही हुडहुडी भरते. पुढे कॅन्ससच्या सपाट मैदानावरचा आडवा वारा. एकाच शरीराला हे सगळे सोसायचे असते, आणि त्याला त्यात मदत करणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोनच : अंगावर काय घातले आहे आणि पोटात काय गेले आहे.

अर्थात अशा शर्यतीत स्वाराच्या मागे मोटार असते. कपडे, खाणे, पाणी, डॉक्टर, सगळे तीत. तुम्ही आम्ही प्रवासाला निघतो तेव्हा मागे मोटार नसते. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले, त्यांच्यामागेही नव्हती. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान असा सुमारे ७१,००० किलोमीटरचा पल्ला गाठून मार्च १९२८ मध्ये आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे परतले. जे काही लागेल ते सायकलवर लादलेले, नाही तर वाटेत मिळेल ते. म्हणून काय घ्यावे आणि काय ठेवून जावे हा प्रश्न खरा त्यांचा आणि आपला आहे.

समजा, डिसेंबरच्या सुटीत तुम्ही चौघे मित्र किंवा मैत्रिणी, बरोबर एक मोठे माणूस घेऊन, नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला जायचे म्हणता. जाऊन-येऊन सुमारे दीडशे किलोमीटर. दोन दिवस, एक मुक्काम. पिशवीत काय भराल? आई म्हणेल स्वेटर घे, आजी म्हणेल लाडू घे, आणि थोरला भाऊ म्हणेल, काहीच घेऊ नको, वजन वाढते. कोणाचे ऐकायचे हे ठरवण्याआधी आपले शरीर सायकलवर नेमके काय करते ते पाहू.

चालती भट्टी

सपाट रस्त्यावर, वारा नसताना, साध्या सायकलवर ताशी २० किलोमीटर वेगाने जायला पायांना सुमारे ८० वॉट शक्ती लावावी लागते. घरातले ४० वॉटचे दोन जुने दिवे जेवढी वीज खात तेवढी. यातला मोठा वाटा हवेचा विरोध मोडण्यात जातो, राहिलेला टायरच्या घर्षणात. एका तासात हे काम होते सुमारे ७० उष्मांकांचे.

पण आपले स्नायू हे फार काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातून जी ऊर्जा ते घेतात तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा कामात उतरतो. बाकीची पाऊण उष्णता होऊन जाते. म्हणजे ७० उष्मांकांच्या कामासाठी २८० उष्मांक जाळावे लागतात. शिवाय नुसते जिवंत राहण्यासाठी शरीर तासाला साठ-एक उष्मांक खर्चतेच. एकूण हिशेब तासाला सुमारे ३४० उष्मांक, आणि त्यातले २७० निव्वळ उष्णता.

आता पुढचे गणित थोडे भीतिदायक आहे. ५० किलो वजनाच्या मुलाच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४१ उष्मांक पुरतात. २७० उष्मांक शरीरातून बाहेर पडूच शकले नाहीत तर? २७० भागिले ४१ : एका तासात साडेसहा अंश! ३७ अंशांवरून ४३ च्या पुढे. माणूस तेथवर जिवंत पोचत नाही. उष्माघात म्हणतात तो हाच, आणि तो वाळवंटातच होतो असे मुळीच नाही.

आपण रोज सायकल चालवतो आणि जिवंत राहतो, याचे श्रेय घामाला. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला तर तो जवळजवळ ५८० उष्मांक घेऊन जातो. तेव्हा आपल्या स्वाराला तासाला सुमारे अर्धा लिटर घाम *उडवावा* लागेल. उडवावा हा शब्द मुद्दाम वापरला आहे. हनुवटीवरून टपकलेला किंवा पुसून टाकलेला घाम शरीराला फारसा थंड करीत नाही. तो नुसता वाया गेलेला घाम. उन्हात सूर्याची आणि डांबराची उष्णता वर पडते, तेव्हा घाम अर्ध्या लिटरहून पुष्कळ जास्त लागतो.

म्हणजे सायकलस्वाराच्या सदऱ्याचे पहिले काम अंग झाकणे हे नसून घामाला उडू देणे हे आहे.

कापूस, लोकर आणि प्लॅस्टिक

कापसाचा तंतू पाण्याचा लोभी. साध्या हवेतही तो आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरून असतो. पॉलिएस्टरचा तंतू अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून पॉलिएस्टरच्या खेळाडू-सदऱ्यात घाम तंतूच्या आत न मुरता दोन तंतूंमधल्या फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा, बाहेरच्या पृष्ठभागावर पसरतो आणि लवकर वाळतो. सुती सदरा मात्र भिजून जड होतो, पाठीला चिकटतो आणि तासन् तास ओला राहतो.

यावरून कापूस टाकाऊ असे बरेच जण सांगतात. मला ते सरसकट पटत नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात ओला सुती सदरा म्हणजे अंगावर घातलेला माठच. तो सावकाश वाळतो आणि वाळेपर्यंत थंडावा देतो. उन्हाळ्यातल्या तासा-दोन तासांच्या फेरीला सैल सुती सदऱ्याला मी नाव ठेवणार नाही. कापूस घात करतो तो दुसऱ्या वेळी : चढ चढून घामाने निथळलात आणि लगेच उतार लागला, किंवा पहाटेच्या थंडीत घामाघूम होऊन चहाला थांबलात, तेव्हा. पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे पंचवीसपट चांगले उष्णतावाहक आहे. कोरडा कपडा ऊब देतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब गेली.

नाशिककरांना थंडीबद्दल सांगायला नको. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पण सायकलवर थंडी आणखी वाढते. त्वचेलगत तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो, तो वारा पळवून नेतो. आठ अंशांच्या पहाटे ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला सुमारे चार अंशांची थंडी जाणवते. बोटे बधिर होतात आणि नेमक्या वेळी ब्रेक दाबला जात नाही. तेव्हा डिसेंबरात स्वेटर घेण्यापूर्वी हातमोजे आणि वारा अडवणारे पातळ जाकीट घ्या. जाड स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो. जुन्या काळचे युरोपातील शर्यतपटू घाट उतरण्यापूर्वी सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्र सारत. ही युक्ती आजही तितकीच चालते. कागद वारा अडवतो, घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो आणि खाली उतरल्यावर काढून पिशवीत टाकता येतो.

लोकरीची गोष्ट वेगळी. ती आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. घोंगडी पांघरून पावसात मेंढ्यांमागे उभा असलेला धनगर या गुणाचाच उपयोग करीत आला आहे. सायकलवर घोंगडी घेणे कठीण, पण लोकरीचे पायमोजे जरूर घ्यावेत.

पावसाळ्यातला प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि अवघ्या ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीला ३००० च्या वर. दोन-अडीच तासांच्या सायकलफेरीत तुम्ही एका हवामानातून दुसऱ्यात जाता. अशा वेळी प्लॅस्टिकचा रेनकोट चढवला की बाहेरचे पाणी आत येत नाही, पण आतला घामही बाहेर जात नाही. अर्ध्या तासात माणूस आतून भिजतो, आणि वाफेचा कोंडमारा होतो तो वेगळा. ऊबदार पावसात चढ चढताना सरळ भिजावे आणि उतारावर किंवा थांबल्यावर रेनकोट घालावा, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते. अट एकच. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, काही झाले तरी मुक्कामापर्यंत कोरडा राहिला पाहिजे. जून-जुलैत नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. सिन्नर ओलांडले की पाऊस कमी कमी होत जातो, पण ढगाळ हवेत भिजलेले कपडे वाळत नाहीत, म्हणून हा कोरडा जोड वारकऱ्याला तुळशीमाळेइतका जपावा लागतो.

रंग पांढरा की काळा? १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वाळवंटातील बदाऊनी लोकांच्या काळ्या झग्यांवर एक संशोधन आले होते. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो हे खरे, पण तो सैल असल्याने ती जास्तीची उष्णता कापडाखालून वाहणाऱ्या हवेबरोबर निघून जाते आणि त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच भरते, असे त्यात आढळले. म्हणजे रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा. सायकलवर फार सैल कपडा वाऱ्यात शिडासारखा फुगतो, हा त्याचा तोटा. पण ताशी अठरा-वीस किलोमीटर वेगाला तो सोसतो. रंग निवडायचाच असेल तर ट्रकच्या चालकाला लांबून दिसेल असा भडक पिवळा किंवा नारिंगी निवडा.

अधिक महत्त्वाच्या तीन गोष्टी लोक विसरतात. पहिली, बैठकीखालची शिवण. चार तासांत पायाची वीस हजार आवर्तने होतात आणि दर वेळी तीच शिवण त्याच जागी घासते. सायकलची चड्डी बिनशिवणीची, आतून गादी लावलेली असते ती याचसाठी. पूर्वी तेथे मऊ चामडे लावीत. ती नसेल तर जाड शिवणीची जीन्स तरी घालू नका. दुसरी, हातमोजे. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने एक मज्जातंतू जातो. दांड्यावर सतत भार पडला की तो दबतो आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. गादीचे मोजे आणि मधूनमधून हाताची जागा बदलणे हा त्यावर उपाय. आणि तिसरी, लोंबणारे काहीही नको. पायजम्याची मोरी साखळीत आणि ओढणी चाकात अडकून झालेले अपघात थोडे नाहीत. ओढणी घरी ठेवावी, निदान पिशवीत. हेल्मेटबद्दल वेगळे सांगत नाही. ते डोक्यावर नसेल तर या लेखातले बाकीचे काही वाचू नका.

टाकीत किती तेल आहे?

आता पोटाकडे वळू. स्नायूंना चालवणारी दोन इंधने आहेत : साखर आणि चरबी. चरबीचा साठा अफाट. सडपातळ मुलाच्या अंगातही पन्नास हजार उष्मांकांची चरबी असते. पण ती सावकाश जळते. जोर लावायचा तर साखर हवी, आणि तिचा साठा अगदी तुटपुंजा. प्रौढ माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम साखर ‘ग्लायकोजेन’ या रूपात साठवलेली असते. सगळी मिळून २००० उष्मांक. तुमच्या अंगात त्याहून कमी. रात्रीच्या झोपेत यकृतातला साठा बराच संपतो, म्हणून पहाटे उपाशीपोटी निघालेला स्वार मुळात पुरत्या भरलेल्या टाकीने निघालेला नसतो.

हा साठा संपल्यावर काय होते ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. पाय शिशाचे होतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम थंड पडतो, चिडचिड होते, समोरचा खड्डा दिसत असूनही हँडल वळवावेसे वाटत नाही. मेंदूला साखर कमी पडू लागल्याची ही लक्षणे. १९२४ साली अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंचे रक्त शर्यतीनंतर डॉक्टरांनी तपासले. जे लटपटत आले होते त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी भरपूर पिष्टमय आहार दिला आणि धावतानाही गोळ्या-मिठाई चघळायला दिली. या वेळी ते धडधाकट पोचले. वाटेत खात राहावे ही आजची शिकवण शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मिठाईपासून आली आहे.

स्नायूतल्या साठ्याचा उलगडा झाला तो मात्र सायकलमुळेच. १९६६ मध्ये स्वीडनचे बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन हे दोन शास्त्रज्ञ एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसले. एकाने एका पायाने एक पायटा मारायचा, दुसऱ्याने दुसरा. थकेपर्यंत! दोघांचा एकेक पाय दमला, दुसरा आरामात. नंतर जाड सुईने मांडीच्या स्नायूचे कण काढून त्यांनी तपासले. दमलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते. मग तीन दिवस दोघांनी पिष्टमय पदार्थांवर ताव मारला. दमलेल्या पायात साठा पुन्हा भरला, इतकेच नव्हे तर विश्रांती घेतलेल्या पायाच्या दुप्पट झाला. दोन माणसे, एक सायकल आणि एक सुई, एवढ्या सामग्रीवर शरीरशास्त्रातला एक मोठा शोध लागला.

वाटेत किती खावे? आतड्यातून साखर रक्तात जाण्याचा वेग मर्यादित आहे. ग्लुकोज तासाला सुमारे ६० ग्रॅमच्या पुढे जात नाही. आपल्या दोन दिवसांच्या सहलीला तासाला ३० ते ५० ग्रॅम पुरे. एक मोठे केळे म्हणजे २५-३० ग्रॅम. शर्यतपटू ग्लुकोजबरोबर फळांतली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, मिसळून घेतात, कारण तिचा आत जाण्याचा दरवाजा वेगळा असतो. दोन दरवाजांतून मिळून तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. केळे, खजूर, गूळ आणि बेदाणे यांत दोन्ही साखरा निसर्गतःच असतात. दुकानातल्या रंगीत पुडीतील ‘एनर्जी जेल’मध्येही याहून फार निराळे काही नसते, किंमत मात्र असते.

नाशिकला आहोत तर द्राक्षांचेच उदाहरण घेऊ. एक किलो द्राक्षांत ८०० ग्रॅमच्या वर पाणी आणि सुमारे ७०० उष्मांक. तीच वाळवून बेदाणे केले तर एक किलोत ३००० उष्मांक. शिवाय द्राक्षे पिशवीत चिरडतात, बेदाणे चिरडत नाहीत. सुकवण्याने आणखी एक गोष्ट साधते. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला मोकळे पाणी लागते. बेदाण्यात, चिक्कीत, राजगिऱ्याच्या लाडवात उरलेसुरले पाणी साखरेने धरून ठेवलेले असते. सातूच्या पिठात ते मुळात नसतेच. आपल्या आज्यांनी प्रवासाला दिलेली शिदोरी पाहा : दशमी, सातूचे पीठ, गूळ-शेंगदाणे, लसणाची कोरडी चटणी. फ्रिज नसताना दोन दिवस टिकणाऱ्या पदार्थांचीच ती निवड आहे. ओल्या नारळाची चटणी त्यात कधी नसते. पिशवीत उन्हात चार तास राहिलेली ती चटणी सहलीतल्या सर्वांना एकदम आडवे करू शकते.

स्निग्ध पदार्थ जठरात रेंगाळतात. म्हणून शेंगदाण्याची चिक्की सावकाश चालण्याला किंवा मुक्कामाला चांगली, चढाच्या पायथ्याशी नव्हे. आणि नाशिकची मिसळ? तिच्यावर आमचेही प्रेम आहे. पण तर्री ओतून मिसळ खायची आणि लगेच घाट चढायचा म्हणजे रक्ताला एकाच वेळी पोटाकडे आणि पायांकडे बोलावणे. मिसळ परतल्यावर.

पाणी आणि चिमूटभर मीठ

घामाबरोबर मीठही जाते. काळ्या सदऱ्यावर वाळल्यावर उमटणारे पांढरे नकाशे त्याचेच. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट-घोट प्यावे. नुसते पाणी लिटरच्या लिटर ढोसणेही घातक असते. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालेले आढळले. याचे मुख्य कारण घामात गेलेले मीठ हे नव्हते. गरजेपेक्षा जास्त प्यालेले पाणी हे होते.

पाणी, मीठ आणि साखर यांचे त्रिकूट कसे चालते ते समजावून घेण्यासारखे आहे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने सुचवले की आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरूनच आत शिरतात, आणि त्यांच्यामागून पाणी जाते. या माहितीचा सर्वांत मोठा उपयोग सायकलस्वारांना झाला नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपात कालवून रोग्यांना तोंडाने पाजले आणि असंख्य प्राण वाचवले. तेच पाणी तुमच्या बाटलीत घ्या : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. वर लिंबू पिळले तर पिण्याचा कंटाळा येत नाही. मीठ अंदाजाने जास्त मात्र टाकू नका. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते चुकले.

थोरल्या भावाचा वजनाचा हिशेब

“काहीच घेऊ नको, वजन वाढते” असे म्हणणाऱ्या भावाकडे आता येऊ. कसारा ते इगतपुरी हा घाट सुमारे ३०० मीटर चढतो. दहा किलो सामान ३०० मीटर वर न्यायला किती काम? १० गुणिले ९.८ गुणिले ३०० : २९,४०० ज्यूल, म्हणजे ७ उष्मांक. पायांची कार्यक्षमता पाव धरली तर २८ उष्मांक. चांगला दीड खजूर! सपाट रस्त्यावर तर दहा किलोंमुळे वाढणारे घर्षण शंभर किलोमीटरला साठ उष्मांकांच्याही खाली राहते.

मग भाऊ चुकला का? अगदीच नाही. चढावर वेग कमी होतो. तुमचे व सायकलचे मिळून वजन ७० किलो असेल तर दहा किलोंनी तो आठव्या हिश्शाच्या आसपास घटतो. उतारावर ब्रेकला जास्त ऊर्जा गिळावी लागते, आणि ब्रेक चांगले नसतील तर हे गंभीर आहे. शिवाय पिशव्या दोन्ही बाजूंनी फुगल्या तर हवेचा विरोध वाढतो, आणि समोरून वारा असेल तर तो दहा किलोंपेक्षा जास्त छळतो. पण यावरून एवढे नक्की ठरते की पाव किलोच्या वाराजाकिटापायी किंवा अर्धा किलो खाण्यापायी कंजुषी करू नये. वाचवायचे तर दुसरी जीन्स, जाड टॉवेल आणि काचेच्या बरण्या घरी ठेवून वाचवावे. टॉवेलऐवजी पंचा. तो तासात वाळतो, डोक्याला बांधता येतो, आणि वेळ पडली तर त्याची झोळीही होते.

ओझे पाठीवर घेऊ नका. पाठ हा घाम उडवणारा मोठा पृष्ठभाग आहे. तो दप्तराने झाकला की भट्टीचे एक धुराडे बुजले, आणि सगळा भार पुन्हा बैठकीवर येतो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, जड वस्तू तळाशी, दोन्हीकडे वजन सारखे.

भंडारदऱ्याच्या सहलीला प्रत्येकी एका दिवसाचे चार तास सायकल धरली तर वाटेत चघळायला दोन केळी, १०० ग्रॅम बेदाणे किंवा खजूर आणि एक-दोन राजगिऱ्याचे लाडू एवढे पुरते. साखरेचा हिशेब दीडशे ग्रॅमच्या वर जातो. जेवणाला दशम्या. पाण्याच्या दोन बाटल्या, घोटीला पुन्हा भरायच्या. अंगावर लवकर वाळणारा सदरा, वर जाकीट, हातमोजे. पिशवीत एक कोरडा जोड, लोकरीचे पायमोजे, पंचा, पंक्चरचे सामान, एक जुने वर्तमानपत्र.

निघण्यापूर्वी शाळेत एक प्रयोग करून पाहता येईल. सुती, पॉलिएस्टर आणि लोकरी अशा तीन कापडांचे सारख्या आकाराचे तुकडे घ्या. प्रत्येकाचे कोरडे वजन करा, पाण्यात बुडवून पिळा, पुन्हा वजन करा आणि एकाच दोरीवर वाळत घाला. दर दहा मिनिटांनी वजन घेऊन आलेख काढा. एकदा हा प्रयोग डिसेंबरात करा आणि एकदा जुलैत, पावसाची झड लागलेली असताना. दुसरा प्रयोग त्याहून सोपा : सायकलफेरीच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत स्वतःचे वजन करा. जेवढे किलो कमी भरेल तेवढे लिटर पाणी तुम्ही पिण्यापेक्षा जास्त गमावले. वजन वाढलेले निघाले तर पुढच्या वेळी बाटली थोडी कमी तोंडाला लावा. वर्गातल्या दहा जणांचे आकडे एकत्र मांडले की दिसेल, एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, एकाचा घाम दुसऱ्याच्या दुप्पट निघतो.